किनाऱ्यावरून व फेरीबोटीतून ओर्का पाहणे (सेलिश समुद्र)

उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, अमेरिकेचे वॉशिंग्टन राज्य आणि कॅनडाचा ब्रिटिश कोलंबिया प्रांत यांच्यामध्ये शिरलेल्या समुद्रात मुक्त ओर्का खडकावर, दीपगृहापाशी किंवा रोजच्या प्रवासी फेरीबोटीच्या डेकवर उभे राहून पाहण्याची प्रथा. हुआन दे फुका सामुद्रधुनी, जॉर्जिया सामुद्रधुनी आणि दक्षिणेकडे सिॲटल-ऑलिंपियापर्यंत घुसलेला प्युजेट साउंड मिळून हा जलप्रदेश होतो. २००९-१० पासून दोन्ही देशांनी त्याला सेलिश समुद्र हे नाव अधिकृतपणे दिले आहे. ते या किनाऱ्यावरच्या सेलिश भाषा बोलणाऱ्या मूळ रहिवाशांवरून आले.

ओर्काला मराठीत स्वतःचे नाव नाही. आपण सगळ्याच व्हेलना देवमासा म्हणतो आणि वर्तमानपत्रांतून त्याचे किलर व्हेल हे नाव येते. प्राणिशास्त्राच्या दृष्टीने तो डॉल्फिनच्या कुळातला, त्या कुळातला सर्वांत मोठा प्राणी आहे. पूर्ण वाढलेल्या नराच्या पाठीवरचा पर सुमारे १.८ मीटरपर्यंत उंच होतो, म्हणजे पाण्यावर उभ्या माणसाएवढा त्रिकोण येतो. मादीचा पर त्याच्या निम्माच आणि मागे वळलेला असतो. किनाऱ्यावरून आधी दिसतो तो हा पर. त्याहून दूरवर फवारा दिसतो. थंड हवेत, मागे काळा डोंगर असेल तर तो कित्येक किलोमीटरवरून कळतो.

दोन जाती नव्हे, दोन रीती

इथे पाहायला येणाऱ्याला पहिली गोष्ट ही शिकावी लागते की या पाण्यात दोन निरनिराळे ओर्का समाज आहेत. ते एकमेकांत मिसळत नाहीत, त्यांच्यात संकर होत नाही आणि त्यांचे अन्नही वेगळे आहे.

पहिले दक्षिणी रहिवासी. ते फक्त मासे खातात, आणि त्यातही मुख्यतः चिनूक सॅमन. (आपल्याकडे रावसाला इंडियन सॅमन म्हणून विकतात, पण तो अगदी वेगळा मासा, चिनूक हा नदीत जन्मून समुद्रात वाढणारा आणि अंडी घालायला पुन्हा नदीत परतणारा, चरबीने भरलेला मासा आहे.) त्यांचे जे, के आणि एल असे तीन पॉड आहेत. पॉड म्हणजे आईकडून नाते चालणारे एकत्र कुटुंब. मुलगे आणि मुली जन्मभर आईबरोबर राहतात. नर दुसऱ्या पॉडमधल्या मादीशी समागम करतो आणि पुन्हा आईकडे परततो. पिल्ले होण्याचे वय उलटल्यानंतरही माद्या दशकानुदशके जगतात आणि कळपाच्या पुढे चालतात. वर्षात कोणत्या वेळी मासे कुठे असतात हे त्यांना ठाऊक असते.

दुसरे फिरस्ते. त्यांना आता मायकेल बिग या शास्त्रज्ञाच्या नावाने बिगचे ओर्का म्हणतात. ते सील, समुद्रसिंह आणि पॉर्पस (डॉल्फिनसारखा लहान सस्तन प्राणी) यांची शिकार करतात. रहिवासी सतत बोलत असतात, हे मात्र शिकार होईपर्यंत बहुतेक गप्प असतात, कारण सीलला कान आहेत. एका टोळीत तीन-चार ते सहा-सात जण असतात. श्वास घेऊन ते बुडाले की दहा मिनिटेही वर येत नाहीत आणि येतात तेव्हा भलतीकडेच.

१९७२ च्या सागरी सस्तन प्राणी संरक्षण कायद्यानंतर सीलची संख्या पुन्हा वाढली आणि तिच्या मागोमाग फिरस्तेही वाढले. आज या किनाऱ्यावर त्यांची नोंदलेली संख्या साडेतीनशेच्या वर आहे. रहिवाशांचे उलट झाले. १९९५ मध्ये ते ९८ होते, २००५ मध्ये अमेरिकेने त्यांना नष्टप्राय घोषित केले आणि २०२४ च्या जुलैमधल्या गणनेत ७३ उरले. चिनूक कमी झाले, पाण्यात विषारी रसायने साठली आणि जहाजांच्या आवाजामुळे ध्वनीने मासा शोधणे अवघड झाले, अशी तीन कारणे एकत्र सांगितली जातात. म्हणून आज उन्हाळ्यात किनाऱ्यावर बसणाऱ्याला फिरस्ते दिसण्याचा संभव जास्त. तीस वर्षांपूर्वी उलट होते.

खडकावरची ठिकाणे

सर्वांत प्रसिद्ध ठिकाण सॅन हुआन बेटाच्या पश्चिम कडेचे लाइम किल्न पॉइंट. नावाचा अर्थ चुन्याची भट्टी. इथे एकेकाळी चुनखडी भाजत. १९१९ चे पांढरे दीपगृह खडकाच्या टोकावर आहे आणि त्याखालीच हॅरो सामुद्रधुनीचा तळ एकदम खोल जातो. खोल पाणी किनाऱ्याला चिकटलेले असल्यामुळे सॅमन कडेकडेने फ्रेझर नदीकडे जातात आणि ओर्काही त्यांच्या मागे अगदी दगडाच्या काठाने येतात. कधी इतके जवळ, की श्वासाचा आवाज आधी ऐकू येतो आणि प्राणी मागाहून दिसतो. कडा पश्चिमेला तोंड करून असल्यामुळे दुपारनंतर ऊन डोळ्यांत येते. अनुभवी लोक सकाळीच येऊन बसतात. बेटावरच्या फ्रायडे हार्बर गावात १९७९ पासून व्हेल संग्रहालय आहे.

हॅरोच्या पलीकडे कॅनडाच्या सॅटर्ना बेटावरचे ईस्ट पॉइंट. या खडकाशी थांबून विचार करावा लागतो. १९६४ मध्ये व्हँकुव्हर मत्स्यालयाला ओर्काची हुबेहूब मूर्ती घडवायची होती, म्हणून एक ओर्का मारायला इथे हार्पून बसवला होता. सुमारे दोन महिने वाट पाहून जुलैमध्ये एक कोवळा ओर्का टिपला, पण तो मेला नाही. त्याला व्हँकुव्हरला ओढत नेले. तिथे तो सुमारे तीन महिने जगला आणि त्याची शांत वागणूक पाहून लोकांच्या मनातली हिंस्र ओर्काची प्रतिमा पहिल्यांदा हलली. मोबी डॉल म्हणत त्याला. मादी समजून दिलेले नाव, पण तो नर होता. त्याचा ध्वनिमुद्रित आवाज नंतर जे पॉडच्या बोलीशी जुळला. आज त्याच खडकावर लोक दुर्बिणी घेऊन बसतात आणि जे पॉड समोरून जातो.

शरद ऋतूत ठिकाण बदलते. ऑक्टोबर ते डिसेंबर प्युजेट साउंडच्या नद्यांत चम सॅमन परतात आणि रहिवासी दक्षिणेकडे उतरतात. मग सिॲटलचे अल्काय पॉइंट, व्हिडबे बेटाचा पश्चिम किनारा, किटसॅप द्वीपकल्पाच्या टोकाचे १८७९ चे पॉइंट नो पॉइंट दीपगृह, मॉरी बेटावरचे पॉइंट रॉबिन्सन इथे लोक जमतात. डिसेंबरात सिॲटलला सूर्य साडेचारच्या आत मावळतो, म्हणून अनेक जण जेवणाच्या सुट्टीतच येऊन जातात. अशा जागा एकत्र गुंफणारी द व्हेल ट्रेल ही संस्था २००८ मध्ये सुरू झाली. तिच्या पाट्या आता साऱ्या पश्चिम किनाऱ्यावर दिसतात.

फेरीबोट

दाभोळ–धोपावे किंवा मुंबई–मांडवा ज्याने केले आहे त्याला गाड्या पोटात घेऊन जाणारी फेरीबोट समजावून सांगावी लागत नाही. फरक आकाराचा. वॉशिंग्टन राज्याच्या फेरीबोटींतून वर्षाला पावणेदोन-दोन कोटी प्रवासी जातात. सिॲटल–बेनब्रिज हा पस्तीस मिनिटांचा प्रवास ऑफिसला जाणाऱ्यांचा. सिॲटलच्या आसपास संगणक कंपन्यांत काम करणाऱ्या मराठी कुटुंबांच्या ओळखीचाही हाच मार्ग, कारण पाहुणे आले की त्यांना तोच दाखवतात. मकिल्टिओ–क्लिंटन वीस मिनिटांचा. अनाकॉर्टेसहून सॅन हुआन बेटांकडे जाणारा मार्ग लांब आणि ओर्कासाठी सर्वांत आशेचा. कॅनडात त्सॉवासेन–स्वार्ट्झ बे ही दीड तासाची बोट गॅलिआनो आणि मेन बेटांमधल्या चिंचोळ्या ॲक्टिव्ह पासमधून वळते, तिथे बोट आणि ओर्का एकाच खिंडीत येतात.

डेकवर उभे राहायला उत्तम जागा पुढच्या टोकाला, गाड्यांच्या वर दोन बाजूंना काढलेल्या फांद्या. त्यांना तिथले लोक पिकल फोर्क, म्हणजे लोणच्याचा काटा, म्हणतात. इंजिनाच्या थरथरीमुळे सात-आठ पटींहून मोठी दुर्बीण हातात टिकत नाही. कर्मचारी बहुधा ध्वनिक्षेपकावरून सांगतात की उजवीकडे ओर्का आहेत, बोटीचा वेग कमी होतो, आणि शंभर-दोनशे माणसे जेवण, लॅपटॉप, झोप टाकून एका बाजूला येतात. रोजच्या प्रवाशालाही त्याचे अप्रूप संपत नाही. जेवणाच्या खोलीतून धावत बाहेर येणारी ही माणसे रोज याच पाण्यावरून जातात, ही गोष्ट मला या प्रथेतली सर्वांत सुंदर वाटते.

बोटीचा वेग कमी होतो तो पाहुण्यांना आनंद व्हावा म्हणून नाही. २०१८ पासून कॅनडातील ओशन वाइज संस्थेची इशारा यंत्रणा मोठ्या जहाजांना आणि फेरीबोटींना जवळच्या व्हेलची खबर देते, आणि या यंत्रणेला खबर पुरवणाऱ्यांत फेरीबोटींचे कप्तान आणि किनाऱ्यावरचे लोकही असतात.

फेरीबोटींच्या वाटेवर दोन घटना घडल्या ज्या इथे सगळ्यांना माहीत आहेत. २००२ च्या जानेवारीत व्हॅशन बेटाच्या फेरीमार्गाजवळ एक एकटी, साधारण दोन वर्षांची ओर्का फिरताना दिसू लागली. तरंगत्या ओंडक्यांना ती अंग घासत असे. तिच्या आवाजावरून कळले की ती इथली नव्हे, शेकडो किलोमीटर उत्तरेच्या कळपातली ए-७३. तिचे नाव स्प्रिंगर. आई मेली होती. जुलैमध्ये तिला जहाजाने जॉनस्टोन सामुद्रधुनीत नेऊन तिच्या नातेवाइकांजवळ सोडले, आणि तिने पुढे २०१३ व २०१७ मध्ये पिल्ले दिली. अनाथ ओर्का घरी परतून आई झाल्याची ही दुर्मीळ गोष्ट आहे.

दुसरी घटना २९ ऑक्टोबर २०१३ ची. सिॲटलच्या बर्क संग्रहालयाने सुक्वामिश या इथल्या मूळ टोळीच्या लोकांच्या पुरातन वस्तू त्यांना परत दिल्या, आणि त्या बेनब्रिजच्या फेरीबोटीने घरी चालल्या होत्या. सुमारे साठ वर्षांपूर्वी उत्खननातून नेलेल्या त्या वस्तू, ज्याच्यावरून शहराचे नाव पडले त्या सिॲटल नावाच्या सरदाराच्या हिवाळी घराच्या जागेवरच्या होत्या. टोळीचे अध्यक्ष लेनर्ड फोर्समन बोटीवर होते. मध्यावर तीसहून अधिक रहिवासी ओर्का बोटीभोवती आले. सुक्वामिश लोकांनी त्यात स्वागत पाहिले. ज्याला जे पाहायचे ते त्याने पाहावे.

मोजदाद आणि तिचे साक्षीदार

किनाऱ्यावरून पाहणे हे बोटीतून पाहण्यापेक्षा कमी प्रतीचे, असे नवख्यांना वाटते. इतिहास वेगळे सांगतो. १९६५ ते १९७६ या काळात मत्स्यालयांसाठी या पाण्यातून पिल्ले पकडून नेली जात. ८ ऑगस्ट १९७० रोजी व्हिडबेजवळच्या पेन कोव्हमध्ये ऐंशीहून अधिक ओर्का जाळ्यात कोंडले, पाच बुडून मेले आणि सात विकले गेले. किती ओर्का आहेत हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. काही जण हजारोंनी आहेत असे म्हणत. तेव्हा कॅनडातील नॅनाइमोच्या संशोधन केंद्रातील मायकेल बिग यांनी १९७१ च्या जुलैमध्ये एका दिवशी दिसलेले ओर्का नोंदवायला सांगणारे हजारो कागद दीपगृहरक्षक, कोळी आणि फेरीबोटींवरच्या माणसांना पाठवले. उत्तरे जोडली तेव्हा संख्या शेकड्यांतच भरली. म्हणजे ओर्का पुरवठ्याला तोटा नाही ही समजूत मोडली ती किनाऱ्यावर आणि डेकवर उभ्या माणसांच्या पेन्सिलीने.

त्यानंतर बिग यांनी परावरच्या खाचा आणि पराच्या मागचा राखाडी, खोगीरासारखा डाग यांवरून प्रत्येक प्राणी ओळखता येतो हे दाखवले. १९७६ पासून केन बॅल्कम यांच्या सेंटर फॉर व्हेल रिसर्चने दक्षिणी रहिवाशांची दरवर्षी नोंद ठेवली. प्रत्येकाला अक्षर आणि आकडा मिळाला. २४ जुलै २०१८ रोजी जे-३५ या मादीच्या नवजात पिल्लाने प्राण सोडला आणि तिने ते सतरा दिवस डोक्यावर वाहून नेले, हे जगाला समजले ते याच ओळखीमुळे. २००१ पासून व्हिडबेवरची ऑर्का नेटवर्क संस्था सामान्य माणसांची दर्शने रोज गोळा करते. संशोधकांची बोट नसताना, पावसाळी नोव्हेंबरात जे पॉड कुठे होता हे कळायला बहुतेक वेळा हाच मार्ग असतो.

बोटीतून पाहायची बंधने वाढत गेली. १ जानेवारी २०२५ पासून वॉशिंग्टनच्या पाण्यात कोणत्याही खासगी किंवा पर्यटक बोटीने दक्षिणी रहिवाशांपासून १,००० यार्ड, म्हणजे सुमारे ९१४ मीटर अंतर ठेवणे बंधनकारक आहे. किनाऱ्याला अशी मर्यादा नाही, कारण खडक पाण्यात आवाज करत नाही. आपल्या कोकणात डॉल्फिनमागे बोटी धावतात, त्यांनी हा फरक पाहावा असे मनापासून वाटते.

पेन कोव्हमधून नेलेल्यांपैकी शेवटची, टोकिटे, मियामीच्या टाकीत तेवढ्याच पाण्यात त्रेपन्न वर्षे काढून १८ ऑगस्ट २०२३ रोजी वारली. तिचे नाव २०१४ पासून मकिल्टिओ–क्लिंटन मार्गाच्या एका फेरीबोटीला आहे, आणि ती बोट दिवसभर व्हिडबेला जाऊन येते.

वाट पाहण्याची रीत

वारा पडलेला, पाणी काचेसारखे आणि ढगाळ प्रकाश असेल तर उत्तम. लाटांच्या पांढऱ्या टोकांत पर हरवतो. नजर एका जागी न खिळवता पाण्याच्या ओळी सावकाश पुसत जावे लागते. रहिवासी तीन-चार श्वास घेऊन पाचेक मिनिटे खाली जातात, म्हणून पर दिसला की घड्याळ पाहून त्याच दिशेला थोडे पुढे नजर ठेवायची. सीगल एका ठिकाणी गोळा होणे ही खूण फिरस्त्यांच्या शिकारीची. उसळी मारून सगळा प्राणी बाहेर येणे क्वचित. डोके सरळ वर काढून भोवताल पाहणेही दिसते. बहुतेक दिवशी काहीच दिसत नाही.

अंधार पडल्यावर किनारा रिकामा होतो, पण पाण्याखालची ध्वनिग्राहके चालूच राहतात. सॅन हुआनच्या पश्चिम किनाऱ्यावर आणि प्युजेट साउंडमध्ये ऑर्कासाउंडने ती बसवली आहेत आणि त्यांचा आवाज इंटरनेटवर थेट मिळतो. जहाजांच्या गुरगुरीतून जे पॉडची एस-१ ही हाक उमटली की पुण्यातल्या घरी बसूनही ओळखता येते.