मौखिक फ्रेंचमधील संभाषणदर्शके : ओळख आणि अंकन

वाक्याच्या मूळ आशयात भर न घालता बोलण्याचा ओघ सांभाळणाऱ्या, म्हणजे विषय सुरू करणाऱ्या, वळवणाऱ्या, बोललेले दुरुस्त करणाऱ्या किंवा ऐकणाऱ्याला सोबत ठेवणाऱ्या शब्दांना संभाषणदर्शके म्हणतात. मौखिक फ्रेंचमध्ये ‘बों’ (बरं), ‘बँ’ (अं, बरं), ‘अलोर’ (तर मग), ‘दोंक’ (म्हणून), ‘आँफँ’ (अखेर), ‘क्वा’ (काय), ‘त्यु व्वा’ (बघ ना) ही त्यांतली नेहमीची. ध्वनिमुद्रित संग्रहात ती शोधून प्रत्येकावर त्याच्या कार्याची खूण करणे म्हणजे अंकन.

यांतील बहुतेक शब्द दोन घरी नांदतात, ही खरी अडचण आहे. ‘अँ बों व्हँ’ (चांगली वाइन) यात ‘बों’ हे साधे विशेषण आहे. ‘बों, ओं नि व्हा’ (बरं, निघू या) यात ते दर्शक आहे. मराठी ‘बरं’ची वाटचाल अशीच आहे, त्यामुळे मराठी वाचकाला हा भेद चटकन उमगतो. ‘आँफँ’ अधिक अवघड. त्याचा अर्थ ‘अखेर’ असा होतो, आणि ‘तो डॉक्टर आहे, आँफँ, दंतवैद्य’ अशा वाक्यात तेच दुरुस्तीचे काम करते. शब्द गाळून वाक्य टिकते का, ही कसोटी प्रथम लावली जाते, पण ‘अखेर’ या अर्थाचे ‘आँफँ’ही गाळता येते, म्हणून ती एकटी पुरत नाही. त्या जागी ‘प्ल्युतो’ (किंबहुना) ठेवून पाहिले आणि वाक्य जुळले, तर दुरुस्तीचा अर्थ पक्का होतो.

लिखित प्रतीवर विसंबून हे काम होत नाही. फ्रान्समधील एक्स-आँ-प्रोव्हाँस येथील भाषाशास्त्रज्ञ क्लेअर ब्लाँश-बॅनव्हनिस्त यांच्या गटाने मौखिक फ्रेंचच्या प्रतिलेखनात विरामचिन्हेच वर्ज्य मानली, कारण स्वल्पविराम दिला की विश्लेषणाआधीच निवाडा होतो. ही भूमिका योग्यच होती. मात्र त्यामुळे अंककाला पुन्हा ध्वनीकडे वळावे लागते. ‘त्यु फॅ क्वा’ (तू काय करतोस) यातील ‘क्वा’ प्रश्नाचा गाभा आहे, तर ‘सॅ बिझार क्वा’ (विचित्रच आहे, काय) यातील ‘क्वा’ बोलणे मिटवते, आणि तिथे आवाज बहुधा खाली उतरलेला असतो.

भाषाशास्त्रज्ञ लुदिव्हिन क्रिब्ल यांच्या वर्गीकरणात कार्यांची चार क्षेत्रे आहेत : आशयात्मक (घटनांमधील संबंध), वक्तृत्वात्मक (बोलणाऱ्याची भूमिका), क्रमात्मक (बोलण्याची मांडणी) आणि आंतरवैयक्तिक (ऐकणाऱ्याशी नाते). ‘दोंक’ कारणाचा परिणाम सांगत असेल तर ते पहिल्या क्षेत्रात जाते, सुटलेला धागा पुन्हा उचलत असेल तर तिसऱ्यात. ‘बों बँ’ ही जोडी एक मानायची की दोन, आणि ‘अ’सारखा निव्वळ अडखळा गणायचा का, हे प्रत्येक प्रकल्पाला आधीच ठरवून लिहून ठेवावे लागते.

एकच उतारा दोघांनी स्वतंत्रपणे अंकित करून त्यांची सहमती मोजतात. त्यासाठी जेकब कोहेन यांनी १९६० मध्ये मांडलेला ‘कॅप्पा’ गुणांक रूढ आहे. शब्द दर्शक आहे का, यावर एकमत तुलनेने लवकर होते. मतभेद उरतात ते त्याचे नेमके कार्य ठरवताना, कारण एकच ‘अलोर’ एकाच वेळी विषय बदलते आणि समोरच्याला हाकही देते.