नाकासमोर उडणारे पक्षी

पेट्रेल जवळून पाहिला की आधी नजरेत भरतं ते त्याचं नाक. चोचीवर आणखी एक नळी बसवलेली, काही जातींत तर थेट दुनळी बंदूकच! महिनोन्‌महिने जमीन न पाहणारा हा पक्षी तहान समुद्राच्याच पाण्यावर भागवतो. डोळ्यांवरच्या ग्रंथी रक्तातलं जादा मीठ वेगळं काढतात आणि ते खारं पाणी नाकातून बाहेर पडतं. त्यामुळे याला बारमाही सर्दी झाल्यासारखी वाटते.

पक्ष्यांना वासाचं फारसं कळत नाही, असं पूर्वी अनेक शास्त्रज्ञ धरून चालत. मग संशोधक गॅब्रिएल नेव्हिट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दक्षिण महासागरात तेलाचे तवंग सोडले; हा प्रयोग 1995 साली प्रसिद्ध झाला. काही साधे, काहींत डायमिथाइल सल्फाइड मिसळलेलं. कोबी उकळताना येतो तसा त्याचा वास. काही जातींचे पेट्रेल नेमके त्या वासाच्या तवंगांवर येऊन घिरट्या घालू लागले. कारण उघड आहे. क्रिल हे कोळंबीसारखे इवले जीव सूक्ष्म शेवाळ चरू लागले की फुटलेल्या पेशींतून हाच वायू सुटतो. म्हणजे वास आला की पंगत बसली आहे असं समजायचं! नाकासमोर चालणं म्हणजे सरळ चालणं, असं आपण म्हणतो. पेट्रेल मात्र वासाचा माग काढताना वाऱ्याला आडवा, नागमोडी उडतो.

घरी परतणंही बऱ्याच जातींत रात्रीच, कारण दिवसा स्कुआ आणि कुरव हे शिकारी समुद्रपक्षी टपलेले असतात. मिट्ट काळोखात शेकडो बिळांतून आपलं बीळ शोधायचं. प्रायॉन या छोट्या पेट्रेलांना संशोधकांनी इंग्रजी वाय आकाराच्या बोळात सोडलं. एका फाट्यात जोडीदाराचा वास, दुसऱ्यात परक्याचा. बहुतेकांनी जोडीदाराचाच फाटा धरला. हा कस्तुरीसारखा उग्र दर्प इतका चिवट, की संग्रहालयातल्या जुन्या पेट्रेलांचा खण उघडला तरी तो येतो.

आता याच नाकाने घात केला आहे. समुद्रात काही आठवडे तरंगलेल्या प्लास्टिकवर शेवाळ चढतं आणि त्यालाही डायमिथाइल सल्फाइडचा वास येतो, हे 2016 साली दिसून आलं. या वासामागे जाणाऱ्या जातींच्या पोटात प्लास्टिकही जास्त सापडतं. पेट्रेलची मादी एका हंगामात एकच अंडं घालते. लांबवर चरून आलेले आईबाप बिळात शिरतात आणि त्या एकुलत्या पिल्लाच्या चोचीत पोटातलं तेल, अर्धवट पचलेलं भक्ष्य आणि प्लास्टिकचे तुकडे एकत्रच ओततात.