शुगर-फ्री च्युइंगम आणि दातांची कीड

शुगर-फ्री च्युइंगममध्ये साखरेऐवजी झायलिटॉल, सॉर्बिटॉल, मॅनिटॉल अशी शर्करा-अल्कोहोले असतात. गोडी वाढवायला बहुधा ॲस्पार्टेम किंवा सुक्रॅलोजही घालतात. नावात अल्कोहोल असले तरी यांनी नशा येत नाही.

दात किडतो तो जिवाणूंच्या आम्लाने. दातांवरच्या चिकट थरात राहणारे स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्ससारखे जिवाणू साखर आंबवतात, आणि तोंडाचा सामू (pH, तो जितका कमी तितके आम्ल जास्त) साधारण ५.५ च्या खाली उतरला की दंतवल्कातले, म्हणजे दाताच्या कठीण बाह्य आवरणातले, कॅल्शियम व फॉस्फेट विरघळू लागते. फणसपोळी, आंबापोळी, जत्रेतले मालवणी खाजे हे कोकणातले लाडके खाऊ गोड तर आहेतच, शिवाय दाढांच्या खाचांत चिकटून बसतात. आम्लाचा मारा त्यामुळे लांबतो. पाच कार्बनांचे झायलिटॉल म्युटन्सला पचत नाही. सॉर्बिटॉल तो आंबवतो, पण फार संथपणे.

१९७०च्या दशकात फिनलंडमधील तुर्कू येथे झालेल्या प्रयोगांत साखरेच्या गमपेक्षा झायलिटॉलचे गम चघळणाऱ्यांचे दात कितीतरी कमी किडले. त्यात श्रेय झायलिटॉलचे किती आणि चघळण्याचे किती, हा वाद अजून चालू आहे. चघळण्याचा वाटा मोठा मानावा लागतो, कारण चघळताना लाळ अनेक पटींनी वाढते, आम्ल सौम्य करते आणि दंतवल्काला खनिजे परत पुरवते. म्हणूनच जेवणानंतर वीसेक मिनिटे गम चघळण्याचा सल्ला दिला जातो. दात घासण्याची जागा मात्र ते घेत नाही. फळांच्या चवीच्या काही गममध्ये सायट्रिक आम्लही असते. कैरीने दात आंबतात ते अनुभवलेल्यांनी वेष्टनावरचे घटक वाचूनच ते घ्यावे.

श्रीवर्धनची रोठा सुपारी नावाजलेली, आणि जेवणानंतर सुपारी तोंडात टाकण्याची सवय किनाऱ्यावर जुनी आहे. सुपारीने तोंडातली त्वचा आखडून तोंड उघडेनासे होते, कर्करोगाचा धोकाही वाढतो. काहीतरी चघळल्यावाचून चैन पडत नसेल, तर तिच्याऐवजी हे गम निःसंशय बरे.

हे गम जास्त खाल्ल्यास पोट फुगते, जुलाब होतात. फिनाइलकीटोनुरिया (ॲस्पार्टेममधला एक घटक शरीराला पचवता न येण्याचा जन्मजात विकार) असलेल्यांनी ॲस्पार्टेम टाळावे. झायलिटॉल कुत्र्यांना विषारी आहे: रक्तातली साखर झपाट्याने उतरते, यकृतही निकामी होऊ शकते. खळ्यात किंवा पडवीत कुत्रा असलेल्या घरी पाकीट उंचावर ठेवावे, आणि त्याने गम गिळल्याचा नुसता संशय आला तरी लक्षणांची वाट न पाहता पशुवैद्य गाठावा.