कळा आणि सुगंधी तेलं: ‘देऊ नका, पण अडवूही नका’ कुठून आलं?

प्रसूतीच्या कळा कमी व्हाव्यात म्हणून सुगंधी तेलं वापरणं, म्हणजे अरोमाथेरपी. तिच्याबद्दल इंग्लंडच्या मार्गदर्शक सूचनांचं म्हणणं थोडक्यात असं: देऊ नका, पण अडवूही नका. आपल्याकडची ओवा-बाळंतशेपाची धुरी ही या उपचाराची आजी, असं हल्ली सर्रास लिहिलं जातं. ते खरं नाही. धुरी बाळंतिणीला देतात, म्हणजे मूल झाल्यावर. इथे प्रश्न त्याआधीच्या कळांचा आहे. ‘अरोमाथेरपी’ हा शब्दच एका फ्रेंच रसायनतज्ज्ञाचा, १९३७ च्या त्याच्या पुस्तकातून आलेला.

प्रसूतिगृहात हा उपचार खऱ्या अर्थाने शिरला १९९० च्या दशकात, ऑक्सफर्डच्या एका रुग्णालयात. तिथल्या मिडवाइफनी (प्रशिक्षित सुइणींनी) आठ वर्षांत ८,०५८ बायकांना दहा तेलांपैकी काही ना काही दिलं. भीती वाटत असेल तर लॅव्हेंडर किंवा फ्रँकिन्सेन्स (आपल्या सालईच्या गोत्रातल्या झाडाचा डीक), मळमळ असेल तर पेपरमिंट. कधी मालिश, कधी पाय बुडवायच्या पाण्यात, कधी कपाळावर नुसता एक थेंब. तक्रारी सुमारे एक टक्का. आणि ज्या आकड्याने सगळे हुरळले तो असा: पेथिडिन या वेदनाशामक औषधाच्या इंजेक्शनचा वापर ६ टक्क्यांवरून ०.२ टक्क्यावर आला. पण कोणाला तेल द्यायचं आणि कोणाला नाही हे चिठ्ठ्या टाकून ठरलेलं नव्हतं. त्यामुळे गुण तेलाचा, की उशाशी बसून पाठ चोळणाऱ्या हाताचा, हे त्यातून कळत नाही.

पुढे चिठ्ठीपद्धतीने झालेल्या चाचण्यांचा एकत्रित आढावा २०११ मध्ये आला. त्यात चाचण्या दोनच होत्या, एक ५१३ बायकांची आणि दुसरी अवघ्या २२ जणींची. वेदनेत ठळक फरक दिसला नाही. नंतर इराणमधून लॅव्हेंडरवर बरेच अभ्यास आले, बहुतेक छोटे आणि तेलाच्या बाजूने झुकणारे. वास लपवता येत नाही, त्यामुळे आपल्याला तेल मिळालंय की नाही हे बाईला कळतंच, ही सगळ्यांचीच अडचण.

या पार्श्वभूमीवर इंग्लंडच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांमधलं ते वाक्य वाचावं. कळांच्या सुप्त अवस्थेत वेदनाशमनासाठी अरोमाथेरपी, योग किंवा ॲक्युप्रेशर देऊ नका, सुचवूही नका. मात्र बाईला स्वतःला हवं असेल तर तिच्या इच्छेचा मान राखा. सुप्त अवस्था म्हणजे गर्भाशयाचं तोंड चार सेंटिमीटर उघडेपर्यंतचा काळ, कळा अजून अनियमित असतानाचा. तेव्हा बाई बहुधा घरीच असते. मग ‘देऊ नका’ हे सांगायचं कोणाला? शिवाय हे वाक्य जणू अख्ख्या प्रसूतीबद्दल आहे अशा थाटात दोन्ही बाजू उद्धृत करतात. विरोधक पहिला अर्धा भाग वाचतात, समर्थक दुसरा. पुरावा नाही म्हणून सुचवायचं नाही, हे समजण्यासारखं आहे. पण मिडवाइफने विषयच काढला नाही तर ‘मला हवंय’ म्हणणारी बाई तीच, जिने आधीच कुठेतरी वाचलंय आणि बाटली पिशवीत घालून आणलीय.

तेलं अजूनही इंग्लंडमधल्या बऱ्याच प्रसूतिकक्षांच्या कपाटात आहेत.