चावी काढली तरी इंजिन चालूच

चावी मालकाच्या हातात आणि बोनेटखाली इंजिन खडखडत चालूच, असा एखादा व्हिडिओ उन्हाळ्यात मोबाइलवर हमखास येतो. खालच्या प्रतिक्रियाही ठरलेल्या: अमावस्येला घेतली असंल, लिंबू-मिरची बांधा. लिंबू-मिरची मला बंपरपेक्षा ताटात बरी वाटते. गाडी जुनी, कार्बोरेटरवाली (म्हणजे हवेत पेट्रोल मिसळून देणारा भाग असलेली), पेट्रोलवरची असेल, तर या बाधेचा उतारा शाळेतल्या विज्ञानात आहे.

आधी नीट ऐका. चावी फिरवल्यावरही इंजिन नेहमीसारखं एका लयीत चालत असेल, तर ठिणगी पाडणाऱ्या प्लगला अजून करंट जातोय. चावीच्या स्विचचे पॉइंट चिकटले असतील, नाहीतर कुणीतरी बाहेरून केलेल्या वायरिंगमधून करंट उलटा येत असेल. चावी बंद करून, प्लगच्या ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणाऱ्या कॉइलच्या पॉझिटिव्ह टोकाला टेस्ट लॅम्प लावायचा. दिवा लागला की इलेक्ट्रिशियनकडे जायचं.

पण इंजिन धक्के देत, ठोके मारत, अडखळत चालत असेल, तर ठिणगी बंद झालेली असते आणि पेट्रोल आपलं आपणच पेटत असतं. हे खरं गमतीचं प्रकरण.

सायकलचा पंप जोरात मारला की खालून तापतो, ते सगळ्यांना ठाऊक आहे. सिलिंडरमध्ये पिस्टन हवा आणि पेट्रोलच्या वाफेचं मिश्रण साधारण नऊपट दाबतो. अशा वेळी केल्विनमधलं तापमान ढोबळमानाने 9 च्या 0.3 घाताने, म्हणजे 1.93 पटीने वाढतं. आत येणारं मिश्रण 27 अंशांचं असेल तर दाबल्यावर 307 अंशांच्या आसपास जातं. 45 अंशांचं असेल तर जवळपास 342. बाहेरचा 18 अंशांचा फरक आत 35 होतो. परभणी-नांदेडचा मे महिना आठवा. शिवाय तापलेल्या सिलिंडरच्या भिंती मिश्रणाला आणखी गरम करतात ते वेगळंच.

पेट्रोलची वाफ ठिणगीशिवाय पेटायला साधारण 250 ते 280 अंश पुरतात. मग रोजच का पेटत नाही? कारण तिला वेळ लागतो. गरम रेणूवर ऑक्सिजन चिकटतो, पेरॉक्साइड बनतं, ते फुटून दोन नवे आक्रमक तुकडे होतात, ते पुढच्या रेणूंवर तुटून पडतात. ही साखळी भडकेपर्यंत काही मिलिसेकंद जातात, आणि तापमान जरा वाढलं की हा अवधी झपाट्याने आटतो. सरळ साखळीच्या रेणूंमध्ये हे सहज घडतं, फांद्या असलेल्या रेणूंमध्ये अवघड जातं. ऑक्टेन आकडा मोजतो तो हाच अडथळा: सरळ हेप्टेनला 0, फांद्यांच्या आयसो-ऑक्टेनला 100. रॉकेलचा ऑक्टेन फार कमी, म्हणून भेसळीचं पेट्रोल लवकर दगा देतं.

आता वेळेचा हिशेब. मिनिटाला 3000 फेऱ्यांवर पिस्टन 10 मिलिसेकंदांत वर येतो. साखळी भडकण्याआधीच ठिणगी पडून जाते. चावी बंद केल्यावर फेऱ्या 300 पर्यंत उतरल्या, तर त्याच प्रवासाला 100 मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात काम होतं. कार्बोरेटरला विजेशी देणंघेणं नसतं. इंजिन फिरतंय तोवर ते पेट्रोल सोडत राहतं. रुडॉल्फ डिझेलने 1897 मध्ये ज्या तत्त्वावर, म्हणजे ठिणगीशिवाय दाबाच्या उष्णतेने इंधन पेटवून, इंजिन चालवून दाखवलं, त्याच तत्त्वावर आपली पेट्रोल गाडी काही सेकंद चालते. कधी पिस्टन वर पोहोचायच्या आतच भडका उडतो आणि इंजिन उलटंही फिरतं. ते धक्के त्याचेच.

म्हणून गॅरेजमध्ये पहिला हात आयडलिंगच्या, म्हणजे गाडी उभी असतानाच्या फेऱ्या ठरवणाऱ्या, स्क्रूला लागला पाहिजे. तो जास्त पिळलेला असला की थ्रॉटल (मिश्रण आत सोडणारी झडप) उघडं राहतं, मिश्रण भरपूर शिरतं, दाब वाढतो. काही कार्बोरेटरना चावीबरोबर पेट्रोल तोडणारा सोलेनॉइड, म्हणजे विजेवरची झडप, असतो; त्याची वायर निघालेली सापडते. मग ठिणगीचं टायमिंग, चुकीचा प्लग, आणि सिलिंडरमध्ये साचून निखाऱ्यासारखा लाल होणारा कार्बन. आपल्याकडे रेडिएटरही उघडून बघावा. बोअरचं जड पाणी वर्षानुवर्षं ओतल्याने आत क्षाराचा थर बसतो आणि इंजिन तापतं. हे सगळं सोडून महागड्या ॲडिटिव्हची बाटली ओतणं म्हणजे शिकलेल्या माणसाची लिंबू-मिरची.

कार्बोरेटरऐवजी विजेवर पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्शनच्या गाड्यांत चावीबरोबर पेट्रोलच तुटतं, त्यामुळे हा त्रास जवळपास संपला. तिथे चावी काढल्यावर येणारी घरघर बहुधा रेडिएटरच्या पंख्याची असते. तो थोड्या वेळाने आपोआप थांबतो.

कार्बोरेटरची गाडी थांबतच नसेल तर ब्रेक घट्ट दाबून वरचा गिअर टाका आणि क्लच हळूहळू सोडा; इंजिन बंद पडतं.

टर्बो डिझेल गाडीचं मात्र वेगळं. टर्बोचं (इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या पंख्याचं) सील गेलं की इंजिन स्वतःचंच ऑइल पिऊन पळत सुटतं, चावीला जुमानत नाही, पांढरा-निळा धूर आणि रेस वाढतच जाते. तिथे इंजिनचं हवा आत घेणारं तोंड बंद करावं लागतं, तेही जाड सपाट फळीने. हात किंवा फडकं लावू नये, आत ओढलं जातं. फळी हाताशी नसेल तर लोकांना घेऊन लांब व्हावं.