गाडी स्टार्ट न होणे

चावी फिरवूनही मोटारीचे इंजिन चालू न होणे, या एकाच तक्रारीच्या पोटात दोन अगदी निरनिराळे दोष असतात. पहिल्यात इंजिन जागचे हलतच नाही. गॅरेजच्या भाषेत ‘सेल्फ घेत नाही’. दुसऱ्यात सेल्फ इंजिनाला नेहमीसारखा फिरवतो, पण इंजिन पकडत नाही. पहिल्याचे मूळ बहुधा बॅटरी, जोडण्या किंवा सेल्फमध्ये असते. दुसऱ्याचे इंधनात, ठिणगीत किंवा इंजिनाच्या आत. म्हणूनच ‘सेल्फ फिरतोय का?’ हा प्रश्न सर्वांत आधी विचारायचा. मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू एकत्र नांदणाऱ्या सोलापुरात गिऱ्हाईक कोणत्याही भाषेत बोलले, तरी सेल्फला सेल्फच म्हणते.

सेल्फ म्हणजे स्टार्टर मोटर. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी घडवलेला विजेचा स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅक मोटारीत आला. त्याआधी पुढून लोखंडी हँडल घालून इंजिन हाताने फिरवावे लागे. आपल्याकडे अँबेसिडरला हँडल मारलेले अनेकांच्या आठवणीत असेल. चावी फिरवली की सोलेनॉइड, म्हणजे सेल्फवरचा विजेवर चालणारा चुंबकी स्विच, सेल्फचे छोटे दातेरी चाक फ्लायव्हीलच्या (इंजिनाला जोडलेल्या जड चाकाच्या) दात्यांत ढकलतो आणि मोटरचा जाड संपर्क जोडतो. पेट्रोल गाडीत त्या क्षणी साधारण १०० ते २०० अँपिअर प्रवाह वाहतो, डिझेलमध्ये आणखी जास्त. हेडलाइटच्या दोन साध्या बल्बांना मिळून दहाच्या आतच लागतात. ‘दिवे लागतात, म्हणजे बॅटरी चांगली आहे’ हा समज इथेच फसतो.

निदानाची सुरुवात कानाने होते. भरभर ‘कट-कट-कट’ आवाज आला, तर सोलेनॉइड ओढला जातो पण बॅटरीचा दाब कोसळून लगेच सुटतो: बॅटरी उतरलेली किंवा टर्मिनल ढिले. एकच मोठा ‘कट्’ होऊन शांतता पसरली, तर संशय सेल्फच्या झिजलेल्या कार्बन ब्रशवर किंवा सोलेनॉइडच्या संपर्कांवर जातो. अशा वेळी सेल्फच्या अंगावर पान्याने हलके ठोकल्यावर गाडी एखाद-दोनदा स्टार्ट होते. ती गॅरेजपर्यंत नेण्यापुरतीच धरावी. काहीच आवाज नसेल तर हेडलाइट लावून चावी फिरवावी. दिवे एकदम विझले तर दोष टर्मिनलशी. प्रखरच राहिले तर करंट सेल्फपर्यंत पोहोचतच नाही, मग फ्यूज, रिले, क्लचचा स्विच पाहावा. ऑटोमॅटिक गाडीत लिव्हर पार्किंग किंवा न्यूट्रलमध्ये आहे का, एवढे पाहूनच कधी कधी काम भागते.

१२ व्होल्टच्या बॅटरीत सहा सेल असतात. पूर्ण चार्ज असताना, गाडी काही तास उभी राहिल्यावर मीटर सुमारे १२.६ दाखवतो, १२.२ म्हणजे निम्मी उतरली. सेल्फ मारताना आकडा ९.६ च्या खाली घसरला तर बॅटरी थकली असे धरतात, मात्र ती आधी चार्ज केलेली असावी. इंजिन चालू असताना आकडा साधारण १३.८ ते १४.४ च्या दरम्यान हवा. तो त्याहून बराच कमी असेल तर बॅटरी निर्दोष असूनही अल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर फिरून तिला चार्ज करणारे जनित्र, तिला उपाशी ठेवत असण्याची शक्यता असते. या एका मोजणीवाचून बदललेली नवी बॅटरीही थोड्याच दिवसांत बसते, आणि गिऱ्हाइकाचे काही हजार रुपये वाया जातात.

सोलापुरात बॅटरीचा खरा वैरी उन्हाळा आहे. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर राहतो, आणि बॉनेटखाली त्याहून कितीतरी जास्त तापते. उष्णतेने आतले पाणी उडते, प्लेटा उघड्या पडतात, जाळ्या गंजतात. तापमान दहा अंशांनी वाढले की आयुष्य निम्मे, असा ढोबळ हिशेब आहे. झीज होते वैशाखात, पण उघडी पडते पौषात: गड्डा यात्रेच्या दिवसांतल्या गार पहाटे तेल दाट असते, बॅटरीची ताकद कमी पडते आणि सेल्फ रडतरखडत फिरतो. लोक थंडीला दोष देतात. पाणी भरण्याच्या बॅटरीत बोअरचे जड पाणी ओतण्याची सवय तर फारच घातक, कारण त्यातले क्षार आतच साठतात. डिस्टिल्ड वॉटरच घालावे. टर्मिनलवरची पांढरी-हिरवट बुरशी गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुतली, दहा नंबरच्या पान्याने नट आवळले, की निम्म्या गाड्या तिथेच सुरू होतात असे म्हणायला हरकत नाही.

तुळजापूर, अक्कलकोट, पंढरपूर करून आलेली गाडी भर उन्हात थांबते आणि दर्शन घेऊन परतल्यावर सेल्फ घेत नाही, थंड झाल्यावर घेते. एक्झॉस्टजवळचा सेल्फ आणि सोलेनॉइड तापून वेटोळ्यांचा रोध वाढल्याचे हे लक्षण.

सेल्फ जोमात फिरूनही इंजिन पकडत नसेल, तर चावी ‘ऑन’ करून मागच्या सीटखाली कान द्यावा. बहुतेक पेट्रोल गाड्यांत पंपाची दोन-तीन सेकंद ‘घूं’ ऐकू येते. सीएनजीवाल्यांनी हे विशेष जपावे: बऱ्याच गाड्या पेट्रोलवर सुरू होऊन मग गॅसवर जातात, आणि टाकी सतत कोरडी ठेवली की पेट्रोलनेच थंड राहणारा पंप जळतो. डॅशबोर्डवर किल्लीचे चिन्ह लुकलुकत असेल तर चावीतली चिप ओळखली गेलेली नाही. दुसरी चावी वापरून पाहावी. डिझेल गाडीने हवा घेतली, म्हणजे इंधनाच्या नळीत हवा शिरली असेल तर फिल्टरजवळचा हातपंप असल्यास तो मारून हवा काढतात. सेल्फ नेहमीपेक्षा हलका आणि वेगात फिरला, तर टायमिंग बेल्ट, म्हणजे पिस्टन आणि व्हॉल्व्हच्या हालचालींचा मेळ राखणारा पट्टा, तुटल्याची शक्यता असते. तेव्हा लगेच थांबावे, कारण अनेक इंजिनांत पिस्टन आपटून व्हॉल्व्ह वाकतात.

पाण्यात बुडालेल्या गाडीचे निदान वेगळे. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये सीना नदीचे पाणी मोहोळ, माढा भागांतील गावांत शिरले. अशा पाण्यात उभी राहिलेली गाडी सेल्फ मारून पाहण्याचा मोह होतो. सिलिंडरमधले पाणी दाबले जात नाही, आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी बॅटरीची काळी वायर सोडावी, गाडी टोचन करून न्यावी, प्लग काढून इंजिन हाताने फिरवावे आणि पाणी बाहेर आल्यावर, तेल व फिल्टर बदलूनच सेल्फला हात लावावा.