कूपन की व्हाउचर? नावावर जाऊ नका

दिवाळी झाली की पुण्यातल्या बऱ्याच घरांत टीव्हीखालच्या खणात दोन प्रकारचे कागद साठतात. एकावर लिहिलेलं असतं ‘१,००० रुपयांची सूट’, दुसऱ्यावर ‘१,००० रुपयांचं गिफ्ट व्हाउचर’. दोन्ही चकचकीत, दोन्हींवर बारकोड, दोन्हींच्या मागे मुंगीएवढ्या अक्षरांत अटी. घरात दोन्हींना सर्रास ‘कूपन’च म्हणतात. पहिला हरवला तर फार काही बिघडत नाही. दुसरा हरवला तर पाचशेच्या दोन नोटा पडल्या असं समजा.

कूपन म्हणजे दुकानदाराने घातलेला ‘तर’. तुम्ही अमुक इतकी खरेदी केलीत, अमुक तारखेच्या आत केलीत, तर मी इतके कमी घेईन. त्यासाठी तुम्ही एक पैसाही मोजलेला नसतो. व्हाउचरचे पैसे मात्र कुणीतरी आधीच मोजलेले असतात. हिंजवडीतल्या कंपनीने असतील, मामाने असतील, नाहीतर तुम्ही स्वतः. म्हणून कूपन किंमत कमी करतं आणि व्हाउचर किंमत चुकती करतं. बाकीचे सगळे फरक, म्हणजे कर, परतावा, मुदत आणि तक्रार, या एकाच गोष्टीतून निघतात.

कूपन हा शब्द फ्रेंच. मूळ अर्थ कापलेला तुकडा. पूर्वी कर्जरोख्यांना व्याजाच्या चिठ्ठ्या जोडलेल्या असत. तारीख आली की चिठ्ठी कापून द्यायची आणि व्याज घ्यायचं. रोख्यांच्या व्याजदराला आजही ‘कूपन रेट’ म्हणतात, तो त्यामुळेच. गंमत अशी, की ते मूळ कूपन म्हणजे हक्काचे पैसे होते, सूट नव्हती.

आणि पुण्यात तो जुना अर्थ अजून जिवंत आहे. सदाशिव पेठ, नारायण पेठ भागातल्या मेसचं कूपन घ्या. साठ कूपनांचं पुस्तक, पैसे आगाऊ, ताटावर बसताना एक फाडून द्यायचं. नाव कूपन, पण हे चोख व्हाउचर आहे. सेल्फ सर्व्हिस हॉटेलात आधी गल्ल्यावर पैसे देऊन मिळणारं इडलीचं कूपनही त्याच जातीचं, फक्त त्याचं आयुष्य दहा मिनिटांचं.

मेसच्या पुस्तकात गणित कुठे फसतं ते पाहू. दोन वेळचं जेवण धरून साठ कूपनं म्हणजे तीस दिवस. पण बहुतेक मेस रविवारी दुपारी फीस्ट, म्हणजे गोडाधोडाचं खास जेवण, देतात आणि रात्री बंद असतात. चार रविवार गेले की जेवणं होतात छप्पन्न. चार कूपनं उरतात. पुस्तकाची मुदत नेमकी तीसच दिवसांची असेल, तर ती चार जेवणं मेसवाल्याला भेट दिलीत. त्यात दिवाळी-गणपतीला गावाला गेलात तर आणखी आठ-दहा. म्हणून पैसे देण्याआधी चार गोष्टी विचारायच्या: मुदत किती दिवस, खाडा धरतात का आणि त्यासाठी किती वेळ आधी सांगावं लागतं, फीस्टला एक कूपन की दोन, आणि पाहुणा आणला तर त्याच पुस्तकातलं कूपन चालतं का. उत्तरं पुस्तकाच्या मुखपृष्ठावर तारखेसह लिहून घ्यायची आणि खाली मेसचा शिक्का. तोंडी ‘बघू हो, चालतंय’ याचा महिनाअखेरीला काही उपयोग होत नाही. सलग क्रमांक छापलेलं पुस्तक मिळालं तर उत्तम. कितवं कूपन कधी गेलं यावर मग वाद होत नाही.

उलटी फसवणूक नावाचीच, पण मॉलमधली. ‘३,००० च्या खरेदीवर ५०० चं गिफ्ट व्हाउचर मोफत’. मागे वाचलं तर पुढच्या खेपेला किमान १,५०० ची खरेदी, शनिवार-रविवार सोडून, सेलच्या मालावर नाही. याला छापणारा व्हाउचर म्हणो की आणखी काही, हे कूपन आहे. ओळखायची खूण सोपी आहे: किमान खरेदीची अट असली की ते बहुधा कूपन. खऱ्या व्हाउचरला अशी अट सहसा नसते, कारण स्वतःचे पैसे खर्च करायला आधी आणखी पैसे खर्च करा असं कोण ऐकून घेईल?

कूपन वाचताना टक्केवारीपेक्षा ती टक्केवारी कशावर आहे ते आधी पाहावं. खाण्याच्या ॲपवर ‘५०% सूट, कमाल १०० रुपये, किमान १९९’ असं असतं. दोनशेच्या ऑर्डरवर ही खरोखर निम्मी सूट. सहाशेच्या ऑर्डरवर तीच शंभर रुपये, म्हणजे जेमतेम १७ टक्के. शिवाय किमान रक्कम साधारणपणे पदार्थांच्या किमतीवर मोजतात, डिलिव्हरीचे आणि पॅकिंगचे पैसे त्यात धरत नाहीत. ‘बिल तर २१० झालंय, कोड का लागत नाही?’ याचं उत्तर बहुतेक वेळा इथेच असतं. ते नसेल तर कोड चिकटवताना मागे आलेली रिकामी जागा तपासा.

लक्ष्मी रस्त्यावर सराफाकडचं ‘मजुरीवर २५% सूट’ हे कूपन तर जवळून पाहण्यासारखं. समजा दागिन्यातल्या सोन्याची किंमत १,००,००० रुपये आणि मजुरी १२ टक्के, म्हणजे १२,०००. सूट मिळाली ३,०००. एकूण १,१२,००० वर हिशोब केला तर ती पावणेतीन टक्क्यांहूनही कमी भरते. पंचवीसचा आकडा खोटा नाही, पण तो दागिन्यातल्या सगळ्यात लहान रकमेवर लावलेला आहे. आणि मजुरीचा दर सराफागणिक, नक्षीगणिक बदलतो. शेजारच्या पेढीवर तसाच दागिना ९ टक्के मजुरीत, बिनकुपनाचा मिळाला, तर दोन्ही बिलं शेवटी सारखीच.

आता याच बिलावर कूपन आणि व्हाउचर करात कसे वेगळे पडतात ते बघा. दागिन्यावर जीएसटी ३ टक्के. दुकानदाराने स्वतः दिलेली आणि बिलावर दाखवलेली सूट करपात्र रकमेतून वजा होते. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम १५ मध्ये तशी तरतूद आहे. म्हणजे कूपन लावल्यावर १,०९,००० वर कर ३,२७०, एकूण १,१२,२७०. तेच कुपनाऐवजी ३,००० चं व्हाउचर असेल, तर कर पूर्ण १,१२,००० वर लागतो: ३,३६०. एकूण १,१५,३६०, त्यातले ३,००० व्हाउचरने फिटले, हातून १,१२,३६०. फरक नव्वद रुपयांचा. रक्कम किरकोळ आहे, पण यात दुकानदाराची लबाडी नाही, हे कळलं की काउंटरवरचं एक भांडण वाचतं. छापील एमआरपीच्या मालात कर आधीच किमतीत असतो, तिथे हा फरक तुमच्या डोळ्यांना दिसतही नाही.

मात्र व्हाउचर विकत घेताना त्याच्या दर्शनी किमतीवरच कुणी जीएसटी लावला तर जरूर विचारा. केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाच्या ३१ डिसेंबर २०२४ च्या परिपत्रकाने स्पष्ट केलं आहे, की व्हाउचरचा व्यवहार हा स्वतः वस्तूचा किंवा सेवेचा पुरवठा नाही. कर लागतो तो त्यातून घेतलेल्या मालावर.

दोन्ही जवळ असतील तर आधी कूपन, मग व्हाउचर. कूपन बिल बनण्याआधी सांगायचं. बिल बंद झाल्यावर ते टाकायला कॅशियरला बिल रद्द करावं लागतं आणि त्यासाठी मॅनेजर शोधावा लागतो. व्हाउचर पैसे देताना काढायचं, यूपीआयसारखं. फक्त बँकेच्या कार्डावरची सूट घ्यायची असेल तर सांभाळून. ‘किमान ५,००० वर १० टक्के’ अशी ऑफर आहे, बिल ५,६०० आहे, आणि हजाराचं व्हाउचर लावलंत: कार्डावर उरले ४,६००, ऑफर गेली. अशा वेळी व्हाउचर खणातच राहू द्यावं.

माल परत करताना खरी गंमत होते. १,२०० आणि ८०० चे दोन कुर्ते, ५०० चं कूपन. बहुतेक दुकानं सूट किमतीच्या प्रमाणात वाटतात: ३०० आणि २००. आठशेचा कुर्ता परत केलात तर सहाशे मिळतील. दुकानदाराने दोनशे खाल्ले असं नाही. पण कुपनाची किमान खरेदी १,५०० असेल आणि उरलेला माल त्याखाली गेला, तर काही ठिकाणी सगळीच सूट कापून घेतात. हे अटींत लिहिलेलं असतं, तेव्हा आधी वाचलेलं बरं. रद्द झालेल्या ऑर्डरचं कूपन परत मिळेल याचीही खात्री नसते. व्हाउचरने भरलेली रक्कम सहसा व्हाउचर, क्रेडिट नोट किंवा त्याच दुकानाच्या वॉलेटमध्ये परत येते. बँक खात्यात नाही.

व्हाउचरची मुदत हा दुसरा खड्डा. अनेक दुकानांत चालणाऱ्या प्रीपेड गिफ्ट कार्डांसाठी रिझर्व्ह बँकेच्या २०२१ च्या निर्देशांत कमाल रक्कम १०,००० रुपये, किमान मुदत एक वर्ष, आणि पुन्हा पैसे भरता येणार नाहीत की रोख काढता येणार नाही, असं ठरवलेलं आहे. पण एखाद्या दुकानाने फक्त स्वतःच्याच मालासाठी काढलेलं व्हाउचर या चौकटीत येत नाही. मुदत तीन महिने की सहा, ते दुकान ठरवतं. कागदी व्हाउचरवर ‘उरलेली रक्कम परत मिळणार नाही’ असं बहुतेकदा असतंच, म्हणून ५०० च्या व्हाउचरवर ४३० चा माल घेऊ नका. ५२० चा घ्या आणि वीस वरून द्या. कार्डाच्या रूपातलं असेल तर शिल्लक बहुधा राहते.

कार्डाच्या मागचा खरवडायचा पट्टा विकत घेतानाच शाबूत आहे का पाहा. त्याखालचा पिन आणि वरचा क्रमांक ज्याच्याकडे, पैसे त्याचे. तिथे ना सही लागते ना ओळखपत्र. म्हणूनच ‘मी मीटिंगमध्ये आहे, पटकन गिफ्ट कार्ड घेऊन नंबर पाठव’ असा साहेबांच्या फोटोसकट येणारा व्हॉट्सॲप मेसेज धोक्याचा. साहेबांना त्यांच्या नेहमीच्या नंबरवर फोन करा. नंबर पाठवून बसला असाल तर कार्ड काढणाऱ्या कंपनीला कळवून ते ताबडतोब गोठवायला सांगा आणि १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा.

दुकानाने नाकारलं तर? कूपन नाकारलं आणि अट खरंच मोडत असेल, तर हाती फारसं लागत नाही. जाहिरातीतच अट दडवलेली असेल तर गोष्ट वेगळी: दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबतच्या २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार खुलासा दाव्याच्याच भाषेत आणि ठळक जागी हवा. मराठीत ‘महाबचत’ आणि तळाशी इंग्रजीत अटी, हे त्यात बसत नाही. व्हाउचरच्या बाबतीत बाजू जास्त भक्कम, कारण पैसे दिलेले आहेत. ते मामाने दिले असले तरी अडत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात खरेदीदाराच्या संमतीने वापरणाराही ग्राहकच धरला आहे. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन, तिथे नाही सुटलं तर जिल्हा ग्राहक आयोग. मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. सोबत लागेल: व्हाउचरच्या दोन्ही बाजूंचा फोटो, ते विकत घेतल्याची पावती किंवा ईमेल, आणि नाकारल्याची तारीख-वेळ. मागची बाजू तरी मिळालेल्या दिवशीच टिपून ठेवा. थर्मल कागदावर छापलेली व्हाउचरं आणि पावत्या काही महिन्यांत कोऱ्या होतात.